कारणाच्या रकान्यात ताप

बादली विसळलेलं पाणी माझ्या अंगावर फेकलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पाणी तांबडं होतं. गुडघ्यापासून खाली माझं लुगडं रंगलं आणि विहिरीवरची माणसं हसली. फेकणारा पाटलाचा गडी. तो म्हणाला, "घे, ह्यात बी अवशीद हाय. तुजी बी पटकी पळून जाईल."

मी काय केलं होतं? एक सवाल विचारला होता. तेवढाच.

चैत्राचे दिवस होते. लढाई चालू होती, तिकडं कुठंतरी. आम्हाला तिचं एवढंच ठाऊक की रॉकेल मिळत नाही आणि ज्वारी आवाक्याबाहेर गेली. गावच्या भैरोबाची जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. आमच्या त्या उजाड भागात, खर्डा गावचा बाजार सोडला तर माणसांची एवढी गर्दी फक्त या जत्रेला. दरसाल जत्रेच्या आधी जिल्हा बोर्डाचा आरोग्यसाहेब यायचा, गावच्या विहिरींत तांबडं औषध सोडायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि पाटलाच्या घरी जेवून जायचा. त्या दिवशीही आला. बादलीत औषध कालवलं, बादली विहिरीत सोडली, दोरानं वरखाली केली.

मी नि आय लांब, आमच्या ठरलेल्या जागी घागरी घेऊन बसलो होतो. आम्ही महार. विहिरीला आमचा हात लागायचा नाही. कुणा बाईला दया आली तर ती आपल्या पोहऱ्यातून वरून धार धरायची आणि आम्ही खाली घागर धरायची. कधी घटकाभरात मिळायचं, कधी दुपार उलटायची, कधी रिकामी घागर घेऊन घरी.

औषध टाकून झालं तसा पाटील विहिरीवरच्या बायांना म्हणाला, "आता जत्रा हुईस्तवर म्हारवाड्याला पानी वाढायचं न्हाई. पावनं येनार. इहिरीला आदीच पानी कमी." मग आमच्याकडं न बघताच म्हणाला, "नदीला झिरा हाय तुमचा. तितनं न्या."

झिरा म्हणजे नदीच्या कोरड्या वाळूत हातभर खणलेला खड्डा. वरच्या अंगाला एक डोह उरला होता. त्यात गावाची धुणी, गावाची गुरं, सगळं काही. तेच पाणी वाळूतून झिरपत आमच्या खड्ड्यात यायचं. भांडी घासायला, अंग धुवायला आम्ही ते वापरायचो. आता पाटलाचा हुकूम झाला, ते प्यायचं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसून, पण शिकलेली. पुस्तकात आरोग्याचा एक धडा होता. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ घाण पाण्यातून पसरते, पाणी उकळून प्यावं, असं त्यात छापलेलं. गुरुजींनी तो धडा घोकून घेतला होता. म्हणून मी उठले, चार पावलं पुढं गेले आणि साहेबाला म्हणाले, "साहेब, आमी झिऱ्याचं पानी पिनार. त्यात बी टाका की अवशीद."

साहेबानं वही उघडली. खरंच बघितलं त्यानं, खोटं कशाला बोलू. बोट फिरवत खालपर्यंत गेला. म्हणाला, "यादीत तीन विहिरी आहेत. झिरा यादीत नाही."

"मंग लिवा की."

"झिरा आज इथे, उद्या तिथे. त्याची नोंद होत नाही."

पाटील मोठ्यानं हसला. "म्हाराला कसली पटकी हुतीया, साहेब? मेलेलं ढोर पचतंय त्येंच्या पोटात. पान्यानं काय हुनार?"

त्यावर ती बादली आली माझ्या अंगावर. आय धावत आली, मला मागं ओढलं, हात जोडले नि म्हणाली, "चुकली पोर, मायबाप. पदरात घ्या." मला त्या दिवशी पाटलापेक्षा आयचा जास्त राग आला. घरी जाऊन मी तिच्याशी बोलले नाही. पुढं पंधरा दिवसच तिच्याशी बोलायचे राहिले होते हे मला काय माहीत!

आता आमची एक रीत सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. पटकी हा शब्द वस्तीत कुणी तोंडातून काढायचा नाही. नाव घेतलं की ती त्याच घरात शिरते असं समजायचे. "आईचा फेरा आलाय" म्हणायचं, नाहीतर नुसती मरीआईच्या दगडाकडं मान करायची. वेशीच्या अलीकडं तो दगड, शेंदूर फासलेला. माणूस पोट धरून आडवं झालं की बायका दगडावर पाणी घालायच्या, लिंबं ठेवायच्या, कोंबडं कापायच्या. पाणीसुद्धा झिऱ्याचंच घालायच्या.

दुसरं, माझा बा गावचा तराळ. घुंगराची काठी त्याच्याकडं असायची. गावात कुणी मेलं, मग ते पाटलाच्या वाड्यात मरो की मांगवाड्यात, बानं चावडीवर जाऊन वर्दी द्यायची. पाटील विचारणार, कोण मेलं, कशानं मेलं. बा सांगणार, पाटील लिहिणार. महिना भरला की तो मयताचा कागद बानंच तालुक्याला पायी नेऊन द्यायचा. सहा कोस जाणं, सहा कोस येणं. आयुष्यभर त्यानं गावाचं मरण पाठीवर वाहिलं आणि त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

हुकूम झाल्यापासून चौथ्या दिवशी आमच्या शेजारची म्हातारी गेली. दुसऱ्या दिवशी तिचा नातू. मग एकाच घरातली तिघं. मी आयच्या मागं लागले, पाणी उकळ. आयला पटलं नव्हतं, पण मी रडले म्हणून उकळायला लागली. सरपण कुठं होतं? गोवऱ्या संपल्या, मग तिनं काट्याकुट्या गोळा केल्या. एक मडकं उकळायची. एवढ्या पाण्यात चार तोंडं कशी भागणार!

शेवंता माझी धाकटी बहीण. सात वर्षांची. चिंचेखाली दिवसभर चिंचोके खेळणारी, भारी भांडखोर, हरली की चिंचोके उधळून द्यायची. ती सकाळी न्याहारीला उठली नाही. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले, बोटांची कातडी सुरकुतली, एखाद्या म्हातारीच्या हातासारखी. "पानी, पानी" करत होती. मी उकळलेलं पाणी चमच्या चमच्यानं देत होते, ते लगेच बाहेर पडत होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली. मी तिचे चिंचोके फडक्यात बांधून ठेवले. का ठेवले, कुणास ठाऊक.

बा काठी घेऊन चावडीवर गेला. स्वतःच्या लेकीची वर्दी द्यायला. मी मागं गेले, खाली उभी राहिले.

"जोहार, मायबाप."

"कोन गेलं?"

"माजी धाकली."

"कशानं?"

बानं काठी या हातातून त्या हातात घेतली. शब्द त्याला ठाऊक होता. पण तो नाव घेईल कसा? घरात अजून आय होती, मी होते. पाटलाला आमची रीत ठाऊक होती. त्यानंच वाट काढून दिली. "ताप हुता न्हवं?"

"व्हय जी," बा म्हणाला. "ताप."

दोन दिवसांनी महिना भरला. बाला कागद घेऊन तालुक्याला जायचं होतं. शेवंता गेल्यापासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं, तोल जात होता. आय म्हणाली, तू जा संगं. वाटेत एका लिंबाखाली आम्ही टेकलो. कागद फडक्यात होता. मी म्हणाले, "बा, बघू का?" तो घाबरला. सरकारी कागद. मग म्हणाला, "बघ, पर मळवू नगंस."

रकाने आखलेले होते. नाव, जात, वय, कारण. मी वाचायला लागले. म्हातारी, ताप. तिचा नातू, ताप. ती तिघं, ताप, ताप, ताप. आणखी चौघं होती. बा एकेक नावाला मान हलवत होता.

"समद्यांस्नी तापच?" त्यानं विचारलं.

"समद्यांस्नी."

"आन् आपल्या शेवंताला?"

मी बघितलं. तिचं नावसुद्धा नव्हतं. लिहिलं होतं, 'रामा महाराची पोर. ताप.' मी वाचून दाखवलं. बानं माझ्या हातातला कागद घेतला, पुन्हा फडक्यात बांधला. मग अगदी हळू म्हणाला, "म्याच सांगितलं की गं. म्याच म्हनलो, ताप." आणि तो रडला. माझा बा, जो कुणाच्याही मयताला रडला नव्हता, कारण ते त्याचं काम होतं, तो भर उन्हात रस्त्याकडंला बसून हमसून हमसून रडला. त्याला उठवून नेणं माझ्या जिवावर आलं.

कचेरीत कारकुनानं लांबूनच सांगितलं, "कागद उंबऱ्यावर ठेव." बानं ठेवला, मागं सरला. कारकुनानं उचलला, वरवर पाहिला, कपाटाकडं वळला. मी बोलले. 

"साहेब, ह्यो ताप न्हाई. ही पटकी हाय."

बानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. मी नाव घेतलं होतं.

कारकून थांबला. "कागदात ताप आहे. पाटलाची सही आहे. पाटील खोटं लिहितो म्हणतेस?"

"व्हय."

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "हे बघ पोरी. पटकीची वर्दी आली असती तर टोचणारा डॉक्टर परवाच निघाला असता. औषध इथं पडून आहे. पण वर्दी तापाची आहे. तापाला टोचत नाहीत. पाटलाकडून तसं लिहून आण."

औषध इथं पडून आहे. सहा कोसांवर. ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. इकडं आम्ही दगडाला लिंबं वाहतोय आणि तिकडं कपाटात औषध पडून आहे, का, तर एका रकान्यात एक शब्द चुकीचा आहे!

परत येऊन तशाच धुळीच्या पायांनी आम्ही चावडीवर गेलो. बानं हात जोडून सगळं सांगितलं. पाटलानं पान चघळत ऐकून घेतलं. "आरं रामा, पटकीचा कागद गेला की सरकार जत्रा बंद करतंय. तमाशाचा फड आलाय, मल्ल आल्यात, दुकानं लागल्यात. आठ-दहा म्हारांपायी भैरोबाची जत्रा मोडू व्हय? जत्रा हुऊ दे. मंग बघू."

"तवर आमी काय करायचं?" मी विचारलं.

"तवर गप बसायचं."

घरी येऊन बघते तर आय उकळलेलं मडकं झाकून ठेवून झिऱ्याचं कच्चं पाणी पीत होती. मी ओरडले. ती म्हणाली, "उकळल्यालं तुमा दोगांस्नी. मला काय हुतंय? माज्या अंगाला सवय हाय." मी तिच्या हातातला तांब्या हिसकून घेतला. पण किती दिवस ती असं करत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

जत्रेच्या दिवशी सकाळी ती पडली. वर गावात ढोल-लेझीम चालू होतं. पालखी निघाली तेव्हाचा गलका आमच्या खोपटात ऐकू येत होता. मी आयचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. शिकलेली मी. धडा पाठ असलेली मी. मला काही म्हणजे काही करता आलं नाही. आय एकदाच नीट बोलली. म्हणाली, "बाला जप." पालखी देवळात परत पोचायच्या आधी ती गेली.

बा काठी घेऊन निघाला. सवयीनंच निघाला. मी म्हणाले, मीही येते.

चावडीवर पाटील नवा फेटा बांधून बसला होता. त्याच्यापुढं एक कागद होता. माझ्या बोलण्यानं कचेरीतून विचारणा आली होती, तुमच्या गावी पटकी आहे किंवा कसे. पाटलानं उत्तर लिहून तयार ठेवलं होतं. त्यानं ते आम्हाला वाचून दाखवलं, मोठ्या ऐटीत. गावी पटकी नाही. महारवाड्यात तापाची किरकोळ साथ. तराळ रामा महार याचा जबाब घेतला असे.

"ह्यो घे," पाटील म्हणाला. शाईची डबी त्यानं पायरीवर सरकवली. "कर अंगठा. तुज्या बायकूला ताप हुता."

आयचं अंग अजून घरात गार पडलं नव्हतं. आणि बाचा अंगठा पुढं झाला. मी शपथेवर सांगते, त्याला लबाडी करायची नव्हती. उभ्या जन्मात चावडीवरून हुकूम झाला आणि तो हात पुढं झाला नाही असं कधी घडलंच नव्हतं. मी त्याचं मनगट धरलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय म्हनलीस?"

"अंगठा न्हाई मिळनार. माजी आय, भागा, पटकीनं मेली. शेवंता पटकीनं मेली. म्हातारी, तिचा नातू, समदी पटकीनं मेली. पटकी. पटकी हाय गावात."

चावडीवर चांगली पाचपन्नास माणसं होती, पाहुणेसुद्धा. सगळ्यांची तोंडं आमच्याकडं वळली. बानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं असेल, आता हीही गेली. मग त्यानं अंगठा आत घेतला आणि मूठ वळली.  

पाटलानं त्याच्याच हातातली घुंगराची काठी ओढून घेतली आणि त्याला मारलं. पाठीवर, दंडावर, त्या मुठीवर. प्रत्येक फटक्याला घुंगरं वाजत होती. मी मध्ये पडले, मलाही बसले. जमलेली माणसं मूग गिळून बघत राहिली. बाची मूठ उघडली नाही.

याचा उपयोग काय झाला म्हणाल, तर काही नाही. पाटलानं आपल्या गड्याला घोडी देऊन कागद पाठवला. अंगठा दुसऱ्या कुणाचा घेतला. जत्रा तीन दिवस चालली. कुस्त्या झाल्या. पुढच्या आठवड्यात वरच्या आळीत दोघं आडवी झाली, त्यात पाटलाचा चुलत भाऊ. मग बघा कशी चक्रं फिरली! त्याच दिवशी कागद गेला, कारणाच्या रकान्यात स्पष्ट अक्षरात पटकी. दुसऱ्या दिवशी टोचणारा डॉक्टर गाडी घेऊन हजर. आधी वाडा, मग आळ्या, मग शेवटी आम्ही. त्यानं मला विचारलं, "तुमच्या वस्तीत आधी कुणी दगावलं का?" मी चौदा नावं सांगितली. तो म्हणाला, "माझ्या कागदावर यातलं एकही नाही." आणि माझ्या दंडात सुई खुपसली. तेव्हाही साहेबानं विहिरींत औषध टाकलं. तीन विहिरी. झिरा यादीत नव्हताच.

बानं पुन्हा ती काठी हातात धरली नाही. पावसाळा संपायच्या आत आम्ही गाव सोडलं आणि नगरला आलो. एका दवाखान्यात मी झाडलोटीला लागले. पुढं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लिहितावाचता येतं म्हणून मला सुईणीच्या वर्गात बसवलं. एकदा वर्गात बाईंनी सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय ते शिकवलं. म्हणाल्या, पूर्वी लोकांना वाटायचं की रोग वाईट हवेतून येतो, देवाच्या कोपातून येतो. मग विलायतेत एका शहरात पटकी आली तेव्हा एका डॉक्टरानं मेलेल्यांची घरं शोधली, नकाशावर एकेका मयताची खूण केली. खुणा एका पंपाभोवती जमल्या. त्यानं त्या पंपाचा दांडा काढायला लावला. तिथून हे शास्त्र पुढं गेलं, बाई म्हणाल्या.

सगळ्या जणी लिहून घेत होत्या. मी हात वर केला. "बाई, मेलेल्यांची नावं त्याला कुणी दिली?"

बाई म्हणाल्या, "सरकारी नोंदीतून मिळाली. मृत्यूच्या दप्तरातून."

मी खाली बसले.  म्हणजे तिकडं शंभर वर्षांपूर्वी मयताचा कागद खरा होता म्हणून माणसं वाचली. आणि माझ्या बानं जो कागद सहा कोस पायी नेला, तो खोटा होता. कुणी डॉक्टर उद्या आमच्या गावाचा नकाशा घेऊन बसला तर महारवाड्यावर त्याला एक खूण सापडणार नाही. आमचा झिरा पाण्याच्या यादीत नाही, आमची मयतं पटकीच्या यादीत नाहीत. शास्त्र काय करणार, त्याला आम्ही दिसणारच नाही.

त्या दिवसापासून माझं ठरलं. मी दया मागायची सोडली. पाणी वाढा, औषध टाका, पदरात घ्या, हे शब्द माझ्या तोंडातून गेले. मी आता जिथं कामाला जाते, त्या प्रत्येक वस्तीत आधी विचारते, पाणी कुठलं पिता, आणि ते यादीत आहे का. नसेल तर लिहिल्याशिवाय उठत नाही. कुणी मेलं की नाव विचारते, पूर्ण नाव, कुणाची पोर म्हणून नाही. आणि कारण. ते मी दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही. पाटील असो, साहेब असो, उद्या आपलं सरकार येवो, त्यातला मंत्री असो. मारा मला. माझ्या बाचा अंगठा मिळाला नाही, माझी सही मिळणार नाही.

तुम्ही हे लिहून घेताय ना? मग आधी रकाने आखा. नाव, वय, कारण.

शेवंता रामा. वय सात. पटकी.

भागा रामा. वय कुणी मोजलं नाही. पटकी.

लिहा.